त्या म्हशीचा चीक

जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहतात, हातांवर टॉवेल टाकतात आणि खालून एकमेकांची बोटं दाबतात. कोणतं बोट, किती बोटं, किती वेळ, यावर सौदा ठरतो. बाजूला खेटून उभ्या असलेल्या माणसालाही कळत नाही की आत काय चाललंय.

मी चामटोलीत एका म्हशीवर दुधाचा धंदा सुरू केला आणि गोठा भरून दाखवला. एवढ्या वर्षांत माझ्या हातावर मात्र एकाही दलालाने टॉवेल टाकला नव्हता. बाईचा हात धरायचा कसा, म्हणून त्यांना लाज वाटते. हिशेबात फसवताना वाटत नाही, टॉवेल टाकताना वाटते. मग मला भाव मोठ्याने बोलावा लागतो, आणि मी बोलले की तो सगळ्या बाजाराचा होतो.

मुरबाडकडच्या बाजारात ती मुऱ्हा जातीची म्हैस मी पहिल्यांदा बघितली तेव्हा असंच झालं. जिलबीसारखी वळलेली शिंगं, अंगावर तेल लावल्यासारखी चकाकी, आणि कास अशी की चालताना मागचे पाय फाकवून टाकायची. गाभण होती. मी तिचं तोंड उघडून दात बघितले, सड चाचपले आणि शेण कसं पडतंय ते बघायला मुद्दाम थांबून राहिले. मग भाव बोलले. दलालाने मान हलवली. मी वाढवला. त्याने वर बघितलं, आणि मला वाटलं, जमलं.

माझ्या मागे माझे मोठे दीर उभे होते. म्हणाले, "चालू द्या तुमचं." मी पाणी प्यायला वळले तेवढ्यात त्यांनी दलालाच्या हातावर टॉवेल टाकला. त्यांना माझा भाव माहीत होता, सगळ्यांनाच माहीत होता. त्यावर एक बोट जास्त दाबलं असेल, दुसरं काय. मी परत आले तेव्हा म्हशीचं दावं त्यांच्या हातात होतं.

ती म्हैस टेम्पोतून आली आणि माझ्या गोठ्याला लागून असलेल्या त्यांच्या गोठ्यात उभी राहिली. मध्ये फक्त एक भिंत, तीही छातीएवढी.

माझ्या नवऱ्याला मी सगळं सांगितलं. तो अंबरनाथला कंपनीत जातो, पाळ्या करतो, आणि भावाबद्दल एक शब्द ऐकून घेत नाही. म्हणाला, "घरातच आली ना म्हैस." घरात नाही आली. वाटण्या झाल्या तेव्हा रस्त्याकडची जमीन त्यांना गेली आणि ओढ्याकडची, दर पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी, आम्हाला आली. तेव्हाही हा हेच म्हणाला होता. घरातच आहे ना.

मोठ्या दिरांपेक्षाही मला सलायची ती त्यांची बायको, माझी मोठी जाऊ. ती कधी आवाज चढवत नाही. गावात कोणाची म्हैस विताना अडली की हिला बोलावतात, तिच्या हाताला गुण आहे म्हणून. मी हातात हातमोजा घालून अडलेलं पारडू ओढून काढलं तर म्हणतात, काय बाई आहे, घाबरत नाही. ती नुसती पाठीवरून हात फिरवते आणि म्हैस सुटते. गुण तिचा, धाडस माझं. धाडसाला कोणी मानाचा नारळ देत नाही.

ती मुऱ्हा व्याली त्याच आठवड्यात माझीही म्हैस व्याली. पारडी झाली. पण माझ्या म्हशीची कास एका बाजूने दगडासारखी झाली होती, सडातून रक्ताची तार यायची. नव्या पारडाला पहिला चीक मिळाला नाही तर ते जगत नाही, जगलं तर उभं राहत नाही. मी उल्हासनगरला दूध टाकून परत आले तर जाऊ माझ्या दारात पातेलं घेऊन उभी होती. पिवळाधमक, मधासारखा घट्ट चीक.

"घे गो," ती म्हणाली. "पारडीला पाज. आमच्या रेड्याला एवढा लागत नाय."

"काय द्यायचं?"

"चिकाचं काय द्यायचं असतं?"

"ताई, फुकट मी घेत नाही. पेंढा घेऊन जा."

ती हसली. "माझ्याकडे पेंढा कमी हाये का?"

मी तरीही पेंढ्याचे भारे भिंतीवरून तिच्याकडे टाकले. दुसऱ्या दिवशीही टाकले. मग ते रोजचंच झालं. माझ्याकडून पेंढा, तिच्याकडून मुऱ्हाचं दूध, आणि माझी पारडी दूध सुटेपर्यंत त्याच दुधावर वाढली. माझ्या मनात तेव्हा काय होतं ते स्पष्ट सांगते. गोठेवाल्या बायकांत पक्कं मानतात की दुधातून गुण उतरतो. मला वाटत होतं, म्हैस त्यांनी टॉवेलाखालून नेली, पण तिचा गुण मी पेंढ्याच्या भावात इकडे आणला. तिला पत्ताही नाही. असा सौदा मी आधी कधी केला नव्हता.

आणि पारडी झालीही तशी. काळीभोर, पाठ सरळ. ती मोठी होऊन वगार झाली तेव्हा रस्त्याने जाणारी माणसं सायकल थांबवून बघायची. जाऊ भिंतीवर हात टेकून म्हणायची, "माझ्या मुऱ्हाच्या वळणावर गेलीय." मी म्हणायचे, "माझ्या पेंढ्याच्या."

मुऱ्हाचं पुढचं वेत झालं आणि काही दिवसांत तिला पातळ हगवण लागली. जावेने डाळिंबाची साल उकळून पाजली, बेलफळ दिलं, बदलापूरहून पावडरी आणल्या. हगवण थांबायची आणि परत लागायची. विचित्र म्हणजे म्हैस खात होती. ताप नाही, रवंथ चालू, गव्हाण चाटूनपुसून साफ करायची, आणि तरी वाळत होती. कमरेची हाडं वर आली. दूध आटलं. पुढे जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबल्यासारखी सूज आली.

खाणारं जनावर वाळायला लागलं की गावात एकच कारण निघतं. त्यांच्या गोठ्याच्या दारावर जुनी चप्पल टांगली गेली, म्हशीच्या गळ्यात काळा दोरा आणि बिबा आला. संध्याकाळी मीठ-मोहऱ्या ओवाळल्याचा वास भिंतीवरून माझ्याकडे यायचा. मग एका सकाळी बघते तर त्या छातीएवढ्या भिंतीवर, माझ्या बाजूला, पेंडीची पोती शिवून पडदा लावलेला.

मी पडदा धरून खाली ओढला.

"हे कशाला?"

जाऊ शेण भरत होती. वर न बघता म्हणाली, "ऊन लागतं म्हशीला."

"सकाळचं ऊन माझ्याकडून येतं का?"

"तू कशाला अंगावर घेतेस गो?"

"पडदा माझ्या बाजूला लावलाय. मग कोणाच्या अंगावर जाणार, ओढ्याच्या?"

तेवढ्यात मोठे दीर बाहेर आले. म्हणाले, "बाजारात म्हैस घेतली त्या दिवसापासून तुम्ही तिच्याकडे कशा बघता ते आम्हाला दिसत नाही का?"

हे खरं होतं, आणि म्हणूनच माझं डोकं फिरलं. बघत होतेच मी. रोज बघत होते. दूध काढताना भिंतीवरून तिची कास दिसायची आणि माझी धार बादलीबाहेर जायची. पण बघण्याने म्हैस हगत असेल तर गावातली सगळी गुरं केव्हाच मेली असती. मी त्यांना तसं सांगितलं, त्याहून वाईट शब्दांत सांगितलं, आणि तडक सरकारी दवाखान्यात गेले.

डॉक्टर तरुण होता, बाहेरगावचा. मी म्हटलं, "माझ्या जावेच्या गोठ्यात चला. म्हैस कशाने वाळते ते शोधा आणि कागदावर लिहून द्या. माझ्या डोळ्याने वाळत असेल तर तसंही लिहा."

त्याने हसू दाबलं, पण आला. शेण घेतलं, रक्त घेतलं, तपासायला पाठवलं. पैसे लागले ते मीच दिले. जाऊ म्हणाली, "तू कशाला देतेस?" मी म्हटलं, "नाव माझं गेलंय."

निकाल घेऊन तो परत आला तेव्हा दोन्ही गोठ्यांच्या मधल्या जागेत आम्ही सगळे उभे होतो. त्याने रोगाचं नाव सांगितलं, जोन्स. कोणालाच कळलं नाही. मग त्याने विचारलं, "टीबी माहीत आहे ना?"

माझा नवरा म्हणाला, "आमच्या कंपनीत दोघांना झाला होता."

"त्या जंतूची भावकी फार मोठी आहे," डॉक्टर म्हणाला. "आडनाव एक, घरं वेगळी. टीबी करणारे थोडे. बाकीचे बरेचसे मातीत, पाण्यात राहतात, कोणाच्या वाटेला जात नाहीत. काही मात्र संधी बघतात. माणसाचं फुप्फुस कमजोर झालं, जखम झाली, की शिरतात. आणि हा एक जो आहे, तो गुरांच्या आतड्यात बसतो. आतडं जाड करून टाकतो. मग जनावर खातं, पण अंगाला लागत नाही."

"कधी शिरला?" मी विचारलं.

"बहुतेक ती लहान असताना. पारडाला शेणातून, दुधातून लागतो, आणि वर्षानुवर्षं गप्प बसतो. व्यायल्यावर ताण येतो, तेव्हा वर येतो. तुम्ही बाजारातून आणली त्या दिवशीही असणार तिच्यात."

मी जाऊ आणि दिरांकडे वळले. "ऐकलंत? बाजारात होता. टॉवेल टाकला तेव्हा होता." दीर जमिनीकडे बघत होते. त्या क्षणी मला वाटलं, देवाने मला वाचवलं. ती म्हैस माझ्याकडे यायची होती. हा भिकार सौदा माझा व्हायचा होता आणि त्यांनी तो एक बोट जास्त दाबून विकत घेतला. इतकी खूश मी लग्नातही नव्हते.

डॉक्टरने वही बंद केली आणि विचारलं, "हिचा चीक आणि दूध कोणकोणत्या पारडांनी प्यायलंय?"

जाऊ म्हणाली, "हिचा पहिला रेडा लहानपणीच गेला. आताची पारडी हाये ती."

"अजून कोणी?"

तिने माझ्याकडे बघितलं. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. भांडता आलं असतं. ती बोलली नाही, नुसती उभी राहिली, आणि सांगायचं काम माझ्यावर ठेवलं.

"माझ्या वगारीने," मी म्हटलं. "दूध सुटेपर्यंत."

डॉक्टरने वगार बघितली. तिचं रक्तही घेतलं, पण आधीच सांगून टाकलं की एवढ्या वयात काही नाही निघालं तरी त्यावर भरवसा ठेवता येत नाही. रोग असेल, नसेल. व्याल्यावर, त्याच्याही नंतर कळेल. औषध नाही. दुसऱ्याच्या गोठ्यात द्यायची नाही. बाकीच्यांपासून वेगळी बांधायची. व्याली की पारडाला तिच्या अंगाला लागू द्यायचं नाही, चाटूही द्यायचं नाही, आणि चीक द्यायचा तो तपासलेल्या म्हशीचा. माणसाला याने काही होतं का, असं नवऱ्याने विचारलं. डॉक्टर म्हणाला, त्यावर जाणकारांचं अजून एकमत नाही, दूध चांगलं उकळूनच प्या.

पेंढ्याच्या भावात आणलेला गुण तो हा.

गोष्ट माझ्याआधी उल्हासनगरला पोचली. तिथे एका सिंधी मिठाईवाल्याला मी वर्षानुवर्षं दूध घालते. त्याच्याशी दर पैशाला भांडून मी त्या दुकानात पाय रोवलाय. तो म्हणाला, "बाई, आप के गाँव का दूध अभी रहने दो."

"माझ्या दुधात काय आहे?"

"कुछ नहीं होगा. पर लोग सुनते हैं ना."

मी त्याला डॉक्टरचं बोलणं सांगितलं, माझ्या दुभत्या म्हशी ठीक आहेत हे सांगितलं, मग ओरडले. तो नुसता माव्याची कढई ढवळत राहिला. दुसऱ्या दिवशी जाऊ त्याच्याकडे गेली, मला न सांगता. तिने सांगितलं की त्यांची सगळी गुरं तपासून होईपर्यंत ती स्वतःचं दूध बाहेर देणार नाही, पण माझ्या दुभत्या गुरांनी त्या म्हशीचं काही प्यायलेलं नाही, माझं दूध घ्यावं. आणि त्याने घेतलं. मी घसा कोरडा करून जे झालं नाही ते हिच्या एका वाक्याने झालं. वर त्याने मला सांगितलं, "आप की जेठानी बहुत सीधी औरत है." मी म्हटलं, दुधाची कॅन मोकळी करा.

मुऱ्हाला न्यायला दलाल येऊन गेले. पडत्या भावात का होईना, कोणी ना कोणी नेलीच असती आणि लांबच्या गावात खपवली असती. जावेने दिली नाही. "दुसऱ्याच्या दावणीला हा रोग मी नाय बांधणार," म्हणाली. म्हैस आणि तिची पारडी वेगळी बांधली, म्हशीचं शेण चुना टाकून पुरलं, शेवटपर्यंत हाताने चारा भरवला. दिवाळीच्या आधी म्हैस मेली तेव्हा गावातल्या बायका येऊन बसल्या, माणूस गेल्यासारख्या. मीही जाऊन बसले. सगळ्या जावेच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. माझ्या वगारीचं कसं काय, हे एकीनेही विचारलं नाही. माझं जनावर अजून उभं होतं ना. उभ्या जनावराचं दुःख कोणाला दिसत नाही.

वगार गाभण राहिली आणि पोट दिसायला लागलं, तेव्हा बाजारातला तोच दलाल मोटरसायकलवरून माझ्या दारात आला. वगारीभोवती फिरला. पाठीवर थाप मारली, शेपूट उचलली, कास बघितली. शेण घट्ट होतं. चेहऱ्यावर काही न दाखवता तो माझ्यासमोर उभा राहिला, आणि खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या हातावर टाकला.

बाजारात नव्हे, माझ्याच अंगणात. तरी टाकला. खालून त्याने माझी बोटं धरली. पहिल्यांदा धरली, तरी मला सगळं कळत होतं, कारण वर्षानुवर्षं मी दुसऱ्यांचे खांदे आणि कोपरं बघून आतली बोटं ओळखत आले होते. भाव चांगला होता. मी मागितला असता त्याहून चांगला. मला फक्त होकाराचा अंगठा दाबायचा होता. त्याने काही विचारलं नव्हतं, आणि न विचारलेलं सांगणं माझ्या धंद्यात बसत नाही.

भिंतीपलीकडे खराटा चालू होता. जाऊ गोठा झाडत होती. मोटरसायकल ऐकली असेल तिने, आणि अंगणात काय चाललंय तेही तिला कळत असणार. खराटा थांबला नाही. मला माहीत होतं, वगार विकली तर ती कोणाला काही बोलणार नाही. त्या दिवशी डॉक्टरसमोर जशी गप्प राहिली तशीच राहील, जन्मभर. तिने म्हैस दिली नाही आणि मी वगार दिली, हे आम्हा दोघींनाच माहीत असेल, आणि ती भिंतीवर हात टेकून म्हणेल, घे गो, चहा घे. ते मला सहन होणारं नव्हतं. सगळ्यात पुढे गेली ती. खरेपणातही मी मागे राहायचं, हे नाही.

मी टॉवेलाखालून हात काढला.

"हिने त्या मुऱ्हाचा चीक प्यायलाय," मी म्हटलं. "लहानपणी. रोग असेल, नसेल."

दलालाने इकडेतिकडे बघितलं. "बाई, एवढं मोठ्याने कशाला बोलता?"

"मला दुसरं येत नाही. तुम्हीच शिकवलंय."

त्याने टॉवेलाची घडी केली, खांद्यावर टाकला आणि गेला. पलीकडचा खराटा थांबला होता.

वगारीचे दिवस भरायच्या आधीच ती कळा द्यायला लागली. तपासलेल्या म्हशीचा चीक मी ठरवून ठेवला होता, बुवापाड्याच्या पुढे एका गोठेवाल्याकडे. पण त्याची म्हैस अजून व्यायची होती. दुपारी वगार व्याली, पारडीच झाली. मी तिला आईने चाटायच्या आत उचललं, गोणपाटाने पुसलं आणि पडवीत नेलं. ती तोंड उघडून माझी बोटं चोखत होती आणि माझ्याकडे तिच्यासाठी काही नव्हतं. मी फोनवर फोन केले. सगळ्यांवर ओरडले.

जाऊ केव्हा बाहेर पडली ते मला कळलं नाही. ती रिक्षातून उतरली तेव्हा हातात चिकाची कॅन होती. तिच्या भावाकडून आणली होती, तिच्या माहेरून. मुऱ्हा मेल्यावर तिने मागे लागून भावाच्याही सगळ्या म्हशी तपासून घेतल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं.

"घे गो. कोमट हाये अजून."

"काय द्यायचं?"

"काय नाय."

"मग नको."

तिने माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा तिला चिडलेलं बघितलं. "पारडी मरतेय आणि तुझी खोड जात नाय," ती म्हणाली. कॅन खाली ठेवली, जवळ आली आणि पदर ओढून आमच्या दोघींच्या हातांवर टाकला.

तिचा हात मऊ असेल असं मला वाटायचं. माझ्याइतकाच राठ होता. तिने बोटं दाबली. तिला ते येत होतं, कुठे शिकली देव जाणे. मी थोडं कमी दाबलं, उगाच, सवयीने. तिने हलू दिलं नाही. मग मी अंगठा दाबला आणि सौदा झाला. तो काय होता ते मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. एवढंच सांगते की मी तिच्या जागी असते तर याहून बरंच जास्त मागितलं असतं, आणि हे तिलाही माहीत होतं.

पारडी प्यायली, उभी राहिली. ती वेगळी वाढतेय, दुसऱ्या दुधावर. तिची आई गोठ्याच्या टोकाला एकटी बांधलेली असते. तिच्यात तो रोग आहे की नाही, हे अजून कोणी सांगू शकत नाही. रोज सकाळी मी आधी तिच्या मागे जाते आणि शेण बघते. तेवढ्यात पलीकडून आवाज येतो.

"कसं हाये गो?"

"घट्ट," मी म्हणते.

"बरं झालं बाय," जाऊ म्हणते, जशी काही वगार तिचीच आहे.